दुखणं पायाचं की हाताचं

मिरजेच्या ‘अस्थिसंजीवन’ रुग्णालयातल्या संवेदन-प्रयोगशाळेत सोळा मुली सोळा स्टुलांवर बसल्या होत्या. प्रत्येकीचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत उघडा, मांडीला राखाडी रंगाचा रुंद पट्टा आणि हातात परीक्षेची वही. पट्टे सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली आणि सोळाच्या सोळा जणींनी उजवं पाऊल एकदम जमिनीवर दाबलं. धप्प! लगेच पुन्हा, जास्त जोरात. धप्प! त्यानंतर चार-पाच सेकंदांनी सोळा तोंडांतून एका सुरात ‘आई गं’ निघालं आणि मग सगळ्या जणी खाली माना घालून भराभरा लिहू लागल्या.

खालच्या मजल्यावर क्ष-किरण विभाग होता. तिथून निरोप आला की वर कवायत चालू असेल तर आधी सांगत चला, इथे फोटो हलतात.

“हे काय आहे?” काचेपलीकडच्या खोलीतून बघणाऱ्या मार्था सिस्टरनी विचारलं.

मार्था रणभिसे या रुग्णालयाच्या परिचर्या विद्यालयाच्या मुख्य शिक्षिका होत्या. वय छप्पन्न, त्यातली एकतीस वर्षं शिकवण्यात गेलेली. सहाशेहून जास्त मुली त्यांच्या हाताखालून बाहेर पडल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणी आता ठिकठिकाणच्या विद्यालयांत स्वतःच शिक्षिका झाल्या होत्या. सिस्टरचा आवाज वॉर्डाच्या या टोकाला लागला की त्या टोकाचे पेशंट उशी सरळ करून बसत. नव्या यंत्रांचा त्यांना राग नव्हता, पण आपण पाहिलेलं दुखणं यंत्र आपल्याला दाखवणार, ही कल्पना त्यांना उद्धट वाटायची.

“ब्रेक आहे तो,” डॉ. केतकी वर्तक पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. ही यंत्रणा त्यांची. मज्जातंतूंवर संशोधन करण्यासाठी दोन वर्षांपूर्वी त्या पुण्याहून इथे आल्या होत्या. “तुमचा हा रुग्ण आधी काय करायचा?”

“बाळगोंडा मगदूम. मोटर चालवायला शिकवायचे. चाळीस वर्षं शिकवलं.”

“मग बरोबर. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा ना, तो दाबतायत ते.”

बाळगोंडा मगदूमांची कहाणी रुग्णालयात सगळ्यांना पाठ होती. गाड्या आपल्या आपण चालायला लागून बारा वर्षं झाली होती, तरी हौसेने गाडी हाकायला शिकणारे चार-दोन लोक मगदूमांकडे येत. मग तेही बंद झाले. शेवटी मगदूम स्वतः शिडी लावून ‘मगदूम मोटर ट्रेनिंग’ ही पाटी उतरवायला चढले आणि पाटीसकट खाली आले. पाटीला काही झालं नाही. उजव्या नडगीचे मात्र पाच तुकडे झाले.

असं हाड जागोजाग मोडलं की पायाभोवती धातूची कडी बसवून, कातडीतून हाडात आरपार सळया घालून ते बाहेरून धरून ठेवतात. वैद्यकीय भाषेत तो बाह्यस्थिरक सांगाडा आणि पेशंटांच्या भाषेत पिंजरा. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती २०५४ सालीही तशीच चालू होती. तिच्यातली अडचणही तशीच होती. सळई जिथे कातडीत शिरते तिथे घराचं दार कायम उघडं राहतं. त्या दारावर पहारा करायचा तो नर्सने. जागा स्वच्छ ठेवायची, जंतू आत शिरले तर वेळेत ओळखायचं, नाहीतर पू थेट हाडापर्यंत पोचतो आणि महिनोन् महिन्यांची मेहनत मातीत जाते.

पण ओळखायचं कसं? लाली आणि सूज डोळ्यांना दिसेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात. दुखण्याचा पोत त्याआधीच बदलतो, पण तो कळतो एकट्या पेशंटला. आणि पेशंटला विचारलं की तो एकतर ‘मेलो मेलो’ म्हणतो, नाहीतर ‘काही नाही’ म्हणतो.

वर्तकबाईंच्या यंत्रणेचं बीज यातच होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मार्था सिस्टरना ते समजावून सांगितलं होतं.

“सिस्टर, दुखणं खरं म्हणजे पायात नसतं, मेंदूत असतं. पाय फक्त बातमी पाठवतो.”

“हे एकदा पेशंटला सांगून बघा,” सिस्टर म्हणाल्या होत्या.

“ऐका तर खरं. ती बातमी मांडीतल्या मज्जातंतूतून विजेच्या ठोक्यांच्या रूपात जाते. सांगाड्याच्या वरच्या कड्यात मी एक संवेदक बसवते. तो ते ठोके ऐकतो आणि जसेच्या तसे नोंदवून ठेवतो. ही झाली वेदनामुद्रा. मग हा पट्टा दुसऱ्या माणसाच्या मांडीला बांधायचा आणि तेच ठोके त्याच्या मज्जातंतूत सोडायचे. त्याच्या मेंदूला वाटतं, बातमी आपल्याच पायाची आहे. पेशंटला जे जाणवलं तेच नर्सला जाणवेल. स्पर्श, खाज, ठणका, सगळं.”

“आणि पेशंटचे विचार?”

“ते नाहीत. ते मेंदूत असतात, आपण मांडीत आहोत. फक्त एक गोष्ट आहे, त्या तारेवरून वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते. बातम्या वर जातात, हुकूम खाली येतात. स्नायूंना दिलेले हुकूमही मुद्रेत येणार. पेशंटने पाय हलवला तर मुलींचाही हलेल.”

सिस्टरनी मान डोलावली होती, पण स्वतः पट्टा बांधून बघायला साफ नकार दिला होता. “छत्तीस वर्षं मी दुखणी बघतेय. आता अंगात घ्यायची काय गरज?”

आजची परीक्षा महत्त्वाची होती. मगदूमांच्या एकोणिसाव्या दिवसाची अर्ध्या तासाची मुद्रा मुलींना द्यायची, पेशंट कोण, दिवस कोणता, वेळ कुठली, काही सांगायचं नाही आणि मुलींनी लिहायचं की कितव्या सळईला काय होतंय. निकाल राज्याच्या परिचर्या परिषदेकडे जायचा. तो चांगला लागला की हीच मुद्रा नमुना म्हणून राज्यातल्या चाळीस विद्यालयांत जाणार होती, आणि लागला नाही तर अभ्यासक्रमाची मान्यता जाणार होती. आदर्श उत्तर सिस्टरनी स्वतः, पेशंटच्या कागदांवरून लिहून ठेवलं होतं. ‘सर्व आठ सळया स्वच्छ. संसर्ग नाही. रुग्णाची तक्रार नाही.’

दुपारी सिस्टर उत्तरं तपासायला बसल्या आणि पाचव्या वहीपाशी त्यांनी चष्मा पुसला. पंधरा मुलींनी जवळपास एकच उत्तर लिहिलं होतं. पाचव्या सळईला तीव्र, अचानक वेदना, संसर्गाचा दाट संशय. एकीने तर ‘डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

सोळावी वही शबनम नदाफची होती. तासगावची ही मुलगी वर्गात फारसं बोलायची नाही. तिने लिहिलं होतं, ‘पाचव्या सळईचं दुखणं पायाचं नाही, हाताचं आहे. दुसऱ्या सळईला आतून मंद ठणका आहे, तो थांबत नाही. तिथे संसर्गाचा संशय.’

सिस्टरनी सोळाही वह्यांवर शून्य घातलं. शबनमच्या वहीवरचं शून्य जरा मोठं पडलं.

“हाताचं दुखणं म्हणजे काय?” दुसऱ्या दिवशी त्यांनी भर वर्गात विचारलं. “पट्टा मांडीला होता ना? मग हात कुठून आला?”

शबनम उभी राहिली. “सिस्टर, माझ्या आईचं पार्लर आहे. मी दहावीपासून तिथे वॅक्सिंग करते. मेणाची पट्टी ओढली की जे दुखतं ना, ते हाताचं दुखणं. कुणीतरी केलं म्हणून दुखतं, आणि सोडलं की उतरतं. दाढ दुखते ते आतलं. ते कुणी करत नाही, आपलं आपण चालू असतं. दोन्ही वेगवेगळी कळतात.”

वर्गात खसखस पिकली. सिस्टरनी नुसतं पाहिलं आणि ती विरली.

“आणि पाय आधी ब्रेक मारतो,” शबनम पुढे म्हणाली. एकदा तोंड उघडलं होतं, आता मिटणं तिला जमेना. “दुखायच्या आधी चार-पाच सेकंद. म्हणजे दुखणं समोरून येताना पेशंटला दिसतंय. पू असा दिसून येत नाही ना, सिस्टर. ट्रॉली येते.”

“कोणाची ट्रॉली?”

शबनमने जमिनीकडे पाहिलं. “ते मला नाही सांगता येणार.”

“बस खाली.”

सिस्टर तडक वर्तकबाईंकडे गेल्या आणि यंत्र बिघडल्याचं त्यांनी जाहीर केलं. वर्तकबाईंनी दोन तास खपून यंत्र तपासलं. बिघाड नव्हता. मुद्रा स्वच्छ होती, पट्टे ठीक होते. पडद्यावर पाचव्या सळईच्या रेषेत एक उंच टोक होतं, उभ्या भाल्यासारखं.

“वेळ दहा वाजून दोन मिनिटं,” वर्तकबाई म्हणाल्या. “मी बाकीचे दिवसही काढून बघितले. रोज दहा ते सव्वादहाच्या मध्ये हे टोक आहेच. रविवारी मात्र नाही. रविवारी काय असतं?”

“रविवारी काही नसतं,” सिस्टर म्हणाल्या. “रविवारी मी चर्चला जाते.”

वर्तकबाईंनी पडद्यावरून मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

रोज सकाळी दहा वाजता सिस्टर ट्रॉली घेऊन मगदूमांच्या खाटेपाशी जात आणि सोळा मुलींना पाचव्या सळईचं ड्रेसिंग करून दाखवत. पाचवीच का, तर ती नडगीच्या पुढच्या बाजूला होती, सगळ्यांना नीट दिसायची. बाकीच्या सात सळया वॉर्डातली नर्स करायची.

“पण त्यांना दुखत नाही!” सिस्टर उसळून म्हणाल्या. “मी रोज विचारते. चला, तुमच्यासमोर विचारते.”

मगदूम उशीला टेकून वर्तमानपत्र वाचत होते. बासष्ट वर्षांचा उंच, हाडापेराने मोठा माणूस. पायाभोवतीचा पिंजरा त्यांनी दुलईबाहेर ठेवला होता.

“मगदूम, खरं सांगा. माझ्या ड्रेसिंगने तुम्हाला दुखतं का?”

“छ्या छ्या! काय बोलताय सिस्टर? लोण्यागत हात हाय तुमचा. मला तर कळतबी न्हाई कवा झालं ते.”

“बघा,” सिस्टर वर्तकबाईंना म्हणाल्या.

वर्तकबाई पेशंटच्या उजव्या पावलाकडे बघत होत्या. सिस्टरनी बोलताना खाटेवर हात ठेवला तेव्हा ते पाऊल हळूच खाली दाबलं गेलं होतं.

प्रयोगशाळेत परत आल्यावर वर्तकबाईंनी एक पट्टा पुढे केला. “सिस्टर, पेशंट एक सांगतोय, त्याचा मज्जातंतू दुसरं. मला दोघांपैकी कोण खरं ते ठरवायचा अधिकार नाही. तुम्ही ठरवा.”

मार्था सिस्टर स्टुलावर बसल्या. पांढरी साडी त्यांनी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पट्टा स्वतःच्या हाताने बांधला.

“मुलींना आपण एकतृतीयांश तीव्रता देतो, तेवढीच ठेवते,” वर्तकबाई म्हणाल्या.

“पेशंटला किती होती?”

“अर्थातच पूर्ण.”

“मग पूर्ण ठेवा.”

सुरुवातीला नुसतं जडपण आलं, पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसं. मग आठ ठिकाणी ताण, घट्ट वेणीत ओढलेल्या केसांसारखा. यात काही विशेष नव्हतं. मग अचानक त्यांचं पाऊल आपोआप जमिनीवर दाबलं गेलं. एकदा, पुन्हा एकदा. सिस्टरना स्वतःच्याच पावलाचं नवल वाटलं. आणि मग स्पर्श आला. सळईभोवतीच्या वाळलेल्या गॉजवर दोन बोटांची थाप, टप टप, छोटीशी. त्यानंतर क्षणभराची विश्रांती. आणि मग झटका.

सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी स्टुलाची कड पकडली. वाळलेल्या गॉजबरोबर कातडी सळईवरून वर ओढली गेली होती आणि तिथून निघालेली कळ गुडघा पार करून थेट मांडीत गेली होती. त्या कळेवर लगेच एक अंगठा येऊन दाबून बसला, ‘झालं झालं’ असं सांगणारा. जखमेवरचा तो अंगठा तर झटक्याहून वाईट होता.

त्या अंगठ्याला त्या ओळखत होत्या. दोन थापा, एक विश्रांती, एक झटका, एक अंगठा. छत्तीस वर्षांपूर्वी, त्या स्वतः वीस वर्षांच्या असताना, त्यांच्या शिक्षिकेने हे त्यांना शिकवलं होतं. ‘झटक्यात काढलं की दुखणं एकदाच होतं, मार्था. रेंगाळलं की पेशंट रडतो.’ हे वाक्य त्यांनी पुढे सहाशे मुलींना जसंच्या तसं सांगितलं होतं.

“बंद करू?” वर्तकबाईंनी विचारलं.

“नको,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “ती पोरगी दुसऱ्या सळईचं काय म्हणत होती?”

त्या डोळे मिटून बसल्या. झटक्याची कळ ओसरायला सहा-सात मिनिटं गेली. ती चालू होती तोवर दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, जसं शेजारी बँड वाजत असताना घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. पण ती ओसरली आणि मग मागून, पोटरीच्या आतल्या बाजूने, सुरुवातीच्या जडपणात निसटलेला एक ठणका आला. बारीक, मऊ, संथ. पुन्हा. पुन्हा. तो कुणी करत नव्हतं. तो आपला आपण चालू होता.

सिस्टरनी पट्टा ओरबाडून काढला. “ही मुद्रा कितव्या दिवसाची?”

“एकोणिसाव्या.”

“आज तेविसावा दिवस!”

छप्पन्न वर्षांची बाई जिन्यावरून धावू शकते हे त्या दिवशी रुग्णालयाने पाहिलं. वाटेत त्यांनी वर्गाचं दार उघडून फक्त “नदाफ, चल!” एवढंच म्हटलं. मगदूमांचा पाय उशीवर वळवून दुसऱ्या सळईभोवतीचा गॉज सोडवायला त्यांनी हात पुढे केला, थांबल्या आणि हात मागे घेतला.

“तू कर,” त्या शबनमला म्हणाल्या.

शबनमने सलाईनची बाटली घेतली, गॉज ओला केला आणि नुसती उभी राहिली. दोन मिनिटं काहीच केलं नाही. सिस्टरना ती दोन मिनिटं फार लांब वाटली. मग गॉज आपला आपण सुटल्यासारखा अलगद बाजूला झाला. वरून जागा जवळपास साफ होती, लाली म्हणावी तर मुंगी चावल्याएवढी. शबनमने सळईच्या कडेला हातमोज्यातलं बोट हलकेच टेकवलं आणि पिवळट पाण्याचा एक थेंब वर आला.

अस्थिशल्यविशारद डॉ. सौंदत्ती अर्ध्या तासात आले. थेंब तपासायला गेला, सळई काढून दुसऱ्या जागी बसवायचं ठरलं, औषधं सुरू झाली. “आणखी आठवडा गेला असता तर हाडात शिरलं असतं,” ते हात धुता धुता म्हणाले. “कुणी ओळखलं हे? वरून तर काहीच दिसत नाही.”

“माझ्या विद्यार्थिनीने,” सिस्टर म्हणाल्या. “मी तिला शून्य दिलं होतं.”

डॉक्टरांना हा विनोद वाटला. ते हसत निघून गेले.

सिस्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. शबनम ट्रॉली आवरत होती.

“मगदूम, आता खरं बोला. तेवीस दिवस मी तुमची कातडी सोलत होते आणि तुम्ही लोणी लोणी करत होतात. का?”

मगदूम खिडकीबाहेर बघू लागले. मग कान खाजवला.

“मला काय वाटलं, सांगू का? रागावणार न्हाई न्हवं?”

“सांगा.”

“तुमी रोज दहाला येणार. मागं ह्या सोळा पोरी, पांढरे कोट घालून, वह्या घेऊन. तुमी काम करणार आन् त्या तुमच्या हाताकडं टक लावून बघणार, वहीत काय तरी लिवणार. मला वाटलं, बाईंची परीक्षा चाललीय.”

शबनमच्या हातातलं कात्रीचं ताट ट्रॉलीवर आदळलं.

“माझी परीक्षा?”

“व्हय. म्हटलं, बाई शिकाऊ हायत. उशिरा शिकायला लागल्यात, ह्या वयात. घरची काय तरी अडचण आसंल. आन् ह्या पोरी परीक्षक. आपण ‘आई गं’ म्हटलं की बाईंचे मार्क जाणार.” मगदूम आता सिस्टरकडे वळले होते आणि मनापासून सांगत होते. “चाळीस वर्षं शिकाऊ लोकांशेजारी बसलोय मी, सिस्टर. शिकाऊ माणसावर वरडायचं न्हाई, हात आणखी थरथरतो. आपण गप बसायचं, पायानं बघून घ्यायचं आन् तोंडानं ‘छान चाललंय’ म्हणायचं. हळूहळू जमतं सगळ्यास्नी. तुमचंबी जमलं आसतं.”

मार्था सिस्टरचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. शबनमला वाटलं त्या रडतायत आणि ती घाबरून पाणी आणायला निघाली. पण सिस्टर हसत होत्या. वॉर्डात त्यांना इतक्या मोठ्याने हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या टोकाच्या पेशंटांनी सवयीने उशा सरळ केल्या. डोळे पुसून झाल्यावर मात्र त्या बराच वेळ मगदूमांच्या पायाकडे बघत बसल्या.

“उद्यापासून ड्रेसिंग ही करेल,” त्या उठताना म्हणाल्या. “मी वही घेऊन मागे उभी राहीन.”

आणि तशा त्या राहिल्या. आठवडाभर सोळा मुलींच्या रांगेत, डाव्या टोकाला, मुख्य शिक्षिका वही घेऊन उभ्या. नवव्या दिवशी त्यांनी स्वतः ड्रेसिंग करायला घेतलं. गॉज भिजवला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. छत्तीस वर्षांच्या सवयीमुळे बोटं आपोआप थापा मारायला उठत होती. त्यांना दाबून धरायला दुसरा हात लागला. मगदूम वर्तमानपत्राआडून म्हणाले, “घाई न्हाई, रस्ता मोकळा हाय,” आणि पुन्हा वाचायला लागले. त्या दिवशीच्या मुद्रेत पाचव्या सळईची रेषा सपाट आली, तरी पावलाने ब्रेक मारलाच. वर्तकबाईंनी ते मुद्दाम दाखवलं. दुखणं गेलं होतं, भीती अजून जायची होती. ती जायला पुढे आणखी अठरा दिवस लागले.

परीक्षेचा निकाल सिस्टरनी नव्याने लावला. शबनमला पूर्ण गुण. बाकी पंधरा जणींना निम्मे, कारण दुखणं त्यांनी खरं ओळखलं होतं, फक्त कुणाचं ते चुकलं होतं. आदर्श उत्तराच्या कागदावर त्यांनी लाल शाईने शून्य काढलं आणि खाली स्वतःची सही केली.

आता नमुन्याचा प्रश्न उरला. परिषदेला चाळीस विद्यालयांत पाठवायला एक मुद्रा हवी होती.

“नवी पाठवूया, तुमचा हात आता सुधारलाय,” वर्तकबाई म्हणाल्या. “जुनी मी पुसून टाकते. कुणाला कळणारही नाही.”

“जुनीच पाठवायची,” सिस्टर म्हणाल्या. “सुधारलेल्या हाताने काही दुखत नाही, मग मुली शिकणार काय? आणि तिच्यावर ठळक लिहा, ‘चुकीच्या हाताचा नमुना, मार्था रणभिसे, मिरज.’”

परिषदेचं उत्तर आलं की मुद्रेवर कोणत्याही व्यक्तीचं नाव नियमात बसत नाही. त्यामुळे मुद्रा नाव न लावता, ‘चुकीच्या हाताचा नमुना’ एवढे शब्द आणि रुग्णालयाचा पत्ता घेऊन, चाळीस गावांना गेली. विद्यार्थिनींच्या आधी तिथल्या शिक्षिकांनी ती स्वतः पूर्ण तीव्रतेने अनुभवावी, एवढी अट मात्र सिस्टरनी परिषदेकडून मान्य करून घेतली.

तीन आठवड्यांनी पहिलं पत्र आलं. शिराळ्याच्या विद्यालयातल्या शिक्षिका विमल हजारे यांचं. एकोणचाळीस सालच्या तुकडीतली ही विद्यार्थिनी सिस्टरना चांगली आठवत होती.

‘आदरणीय सिस्टर,’ विमलने लिहिलं होतं, ‘आपल्या रुग्णालयाकडून आलेली मुद्रा मी काल बांधून पाहिली. हा हात माझा आहे. दोन थापा, थांबणं, झटका, वरून अंगठा. मी माझा हात शंभरांत ओळखेन. माझ्या नकळत, माझ्या परवानगीवाचून माझं ड्रेसिंग कुणी आणि कधी नोंदवलं, याचा खुलासा व्हावा. वर ‘चुकीचा हात’ म्हणून तो राज्यभर फिरवला जातोय, हे मला फार लागलं. तरीही खरं सांगते, इतकं दुखत असेल असं वाटलं नव्हतं.’

त्याच आठवड्यात दुसरं पत्र जतहून आलं, तिसरं बार्शीहून. बार्शीच्या बाईंनी वकिलाचा सल्ला घेतला होता. चौथ्या पत्रात नुसतं ‘सिस्टर, मला पकडलंत’ एवढंच होतं. महिनाअखेरीपर्यंत अकरा शिक्षिकांनी, एकमेकींना न सांगता, तो हात आपलाच असल्याचं कळवलं.

वर्तकबाईंनी अकराही पत्रं वाचली आणि त्या गोंधळून म्हणाल्या, “पण हे शास्त्रीयदृष्ट्या शक्य नाही. मुद्रा एकाच हाताची आहे.”

“बरोबर आहे तुमचं,” मार्था सिस्टर म्हणाल्या. “एकाच हाताची आहे.”

त्यांनी चष्मा लावला, कोऱ्या कागदांची चळत पुढे ओढली आणि सगळ्यांत आधी विमल हजारेला उत्तर लिहायला घेतलं.

‘प्रिय विमल, हात माझा आहे. तुला दिला ती चूक माझी. गॉज आधी भिजव, मग थांब, आणि पेशंट ‘दुखत नाही’ म्हणाला तर विश्वास ठेवू नकोस.’